आमच्या घरचं कच्चं ताट

सोमवार, ८ जानेवारी

मोठं काम हाती घेतलं की त्याची कुठेतरी नोंद असावी, म्हणून आजपासून लिहायला बसतो आहे. अक्षर माझं बरं आहे. लिहायची सवय तेवढी नाही.

कंपनीच्या डॉक्टरांनी आज वार्षिक तपासणी केली. वजन, रक्तदाब, साखर, तिन्ही नको तिथे जाऊन बसलेत. त्यांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सुधारणा नसेल, तर तुम्हाला खाली यावं लागेल."

खाली म्हणजे गेटजवळच्या खोलीत. ट्रकवाल्यांच्या पासांवर शिक्के मारत.

बंदरातली सगळ्यात उंच क्रेन मी चालवतो. माझ्या केबिनमधून धक्क्यावरची माणसं तिळाएवढी दिसतात. जहाजावर मी कंटेनर असा टेकवतो, की खालच्याला पत्ता लागत नाही वर कुणी येऊन बसलंय. हे मी नाही म्हणत, मुकादम म्हणतो, आणि तो कुणाचंही कौतुक फुकट करत नाही. असा माणूस शिक्के मारणार? छे.

खाली हूक लावायला जो आहे, त्याला आम्ही पैलवान म्हणतो. त्याने गेल्या वर्षी शिजवलेलं खाणं सोडलं आणि त्याचं पोट जे गेलं ते गेलंच. आज त्याला गाठून सगळं विचारून घेतलं. "दादा, नुसतं कच्चं खायचं. आग दाखवायची नाही," म्हणाला. एवढंच ना? ठरलं.

मंगळवार, ९ जानेवारी

हिला सांगितलं. ही गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर असते, माझ्यानंतर तासाभराने घरी येते. पाय धुऊन येईपर्यंतही मला दम निघेना.

"म्हणजे काहीच शिजवायचं नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"आणि मी?"

"तू कर की तुझ्यापुरतं. तुला कोण नको म्हणतंय?"

तिने तिच्यापुरता कांदा परतायला घेतला. तो वास बाहेरच्या खोलीत आला आणि माझ्या हातातलं गाजर मला लाकडासारखं लागायला लागलं. मी उठून आत गेलो आणि साफ सांगितलं, "हे बघ, थोडे दिवस घरात गॅसच पेटवू नकोस. माझा निश्चय पक्का होऊ दे, मग बघू."

हिने गॅस बंद केला. कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "बरं."

ना वाद, ना कटकट. सव्वीस वर्षांच्या संसारात माणूस एकमेकाला असं ओळखायला लागतो. मला फार बरं वाटलं.

शुक्रवार, १२ जानेवारी

काय लपवायचं, हाल झाले. तीन दिवस फक्त फळं खाल्ली. पोट भरतं आणि लगेच रिकामं होतं. आज वरून एक तपकिरी कंटेनर बघितला आणि मला तो पावाच्या लादीसारखा दिसला. हाताला किंचित कंप जाणवला, तेव्हा मात्र मी सरळ रेडिओवर सांगून खाली उतरलो आणि बदली माणूस वर पाठवला. वजन उचलणाऱ्याने स्वतःच्या हाताशी खोटं बोलू नये.

पण माघार नाही. पैलवान म्हणाला, "सुरुवातीला होतं असं." मी म्हटलं, होतं कारण आपण नुसतं गोड खातोय. क्रेन एवढं ओझं उचलून उलटत कशी नाही? कारण मागच्या बाजूला तोलाचं वजन बसवलेलं असतं. ताटालाही तसंच काहीतरी मागे बसवायला हवं. हे पैलवानाच्या डोक्यात वर्षभरात आलं नव्हतं.

रविवार, १४ जानेवारी

आज पूर्ण आठवड्याचा बेत आखला. बाजारात दोन पिशव्या भरल्या. स्वयंपाकघरातला ओटा पूर्ण माझ्या ताब्यात घेतला: भिजवायची भांडी, मोड आणायची फडकी, चाळण्या, किसण्या. हिच्या कढया-पातेली वरच्या फळीवर चढवून दिली. उगाच जागा अडवत होती.

बेत असा: सकाळी फळं आणि भिजवलेले बदाम. दुपारच्या डब्यात काकडी, गाजर, कोबी, शेंगदाणे. संध्याकाळी कडधान्य. मूग सगळेच खातात, म्हणून मी राजमा निवडला. दाणा मोठा, म्हणजे ताकदही मोठी. परवापासून भिजत घातलाय, सुरेख मोड आलेत. ही चाळणीत डोकावून म्हणाली, "हे कच्चं खातात?"

मी म्हटलं, "आता खातील."

मंगळवार, १६ जानेवारी

लिहवत नाही. पोटात जे होतं ते आणि जे नव्हतं तेही बाहेर पडलं. राजमा.

गुरुवार, १८ जानेवारी

आज उठून बसलो. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, राजमा कच्चा म्हणजे विष पोटात घालण्यासारखं आहे, तो चांगला खळखळून उकळूनच खायचा असतो, मोड आले म्हणून काही फरक पडत नाही. "कुणी सांगितलं तुम्हाला?" मी पैलवानाचं नाव घेतलं नाही, कारण हे खरोखर माझ्याच डोक्यातून निघालं होतं.

हिने दोन दिवस रजा टाकली. चादरी बदलल्या, बादल्या उपसल्या, साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजलं. एका शब्दाने बोलली नाही. फक्त आज डॉक्टर निघाले तेव्हा दारात त्यांना हळूच विचारलं, "ह्यांना वर जाता येईल ना पुन्हा?"

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंचा पत्ता दिलाय. म्हणाले, कच्चं खायचंच असेल तर विचारून खा.

सोमवार, २२ जानेवारी

आहाराच्या बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण काय तो दरारा! मी माझा बेत पुढे ठेवला. त्यांनी वाचला, राजम्यावर काट मारली आणि विचारलं, "दिवसभरात पालेभाजी नाही, लिंबू नाही, दही नाही. ह्यावर तुम्ही क्रेन चालवणार?"

मी म्हटलं, "दही शिजलेलं धरायचं की कच्चं?"

त्या हसल्या. "ते तुम्ही आणि दही आपसात ठरवा. पण खा."

मग त्यांनी सगळं समजावलं. मोड आलेले मूग चालतील, पण स्वच्छ धुऊन आणि ताजेच. सोबत तीळ, शेंगदाणे, म्हणजे शरीर बांधायला लागणारं सगळं मिळतं. पालेभाजीवर लिंबू पिळायचं, नाहीतर त्यातलं लोह अंगी लागत नाही. काही जीवनसत्त्वं ह्या जेवणात मिळणारच नाहीत, त्यांची गोळी घ्यायची. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. आणि चक्कर आली, हात थरथरला, तर हट्ट नाही.

शेवटी म्हणाल्या, "पुरुष माणूस स्वतः एवढी तयारी करतो, हे मी क्वचित बघते."

हे वाक्य मी घरी येऊन हिला दोनदा सांगितलं. ही माझ्या गाजरांची सालं काढत होती.

रविवार, ४ फेब्रुवारी

जमलं! नुसतं जमलं नाही, बैठक बसली. पट्टा एक भोक आत गेला. शिडी चढताना मधल्या कठड्यावर टेकायचो, आता टेकत नाही. मुकादमाने विचारलं, "काय दादा, पंख फुटले का?" माझा डबा उघडला की खाली चारजण गोळा होतात. लाल, हिरवं, पिवळं, पांढरं, चित्र काढल्यासारखं दिसतं. काकडीच्या चकत्या तर हिच्याच हातच्या, एकसारख्या, मशीनवर कापल्यासारख्या.

आणि आमच्या घरात काही वाया जात नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. कोबीचा दांडा, मुळ्याचा पाला, गाजराची टोकं, सगळं ही संपवते. काम करता करता उभ्यानेच तोंडात टाकते. मी एकदा म्हटलं, "तूही आलीस की कच्च्याच्या पंगतीत!" ती हसली. एकाने धरलं की घर आपोआप मागे येतं, हेच खरं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

हिच्या बोटात मशीनची सुई गेली. नखातून आरपार. कारखान्यात पट्टी बांधून दिली. म्हणे डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी आली आणि बोट कधी खाली गेलं कळलंच नाही. मी तिला रागावलो. "इतकी वर्षं मशीनवर बसतेस आणि लक्ष कुठे असतं तुझं? आम्ही वर असं केलं तर खाली माणूस मरेल."

"चुकलं," म्हणाली.

डाव्या हाताने बदाम सोलून तिने माझी उद्याची वाटी भरून ठेवली.

शनिवार, २४ फेब्रुवारी

कन्येचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला असते. तोंड दाखवणारा फोन होता. मी उभा राहून, वळून, पोट दाखवलं. ती टाळ्या वाजवायला लागली. मग आई पडद्यावर आली तर म्हणते, "आई, किती उतरलीस गं!"

मी मागून ओरडून सांगितलं, "दोघांचंही उतरलंय! एकाच खर्चात!"

हिने आपले तीन-चार कपडे आत घेतलेत. शिवणारी घरचीच, म्हणून बरं. फोन झाल्यावर ही म्हणाली, "तिला उगाच काळजी वाटेल असं बोलू नका." मी म्हटलं, काळजी कसली, अभिमान म्हण.

सोमवार, ११ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

बाईंकडे पुन्हा जायचं होतं. ही कारखान्यातून परस्पर आली, माझी पिशवी धरायला. मी काट्यावर चढलो. बाई खूश. रक्तदाब बघितला, खूश. माझी छाती अशी फुगली होती, की मी घरच्या देठांची गोष्टही सांगून टाकली, काहीच कसं वाया जात नाही ते.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हिच्याकडे बघितलं. "तुम्ही काय जेवता?"

मीच म्हटलं, "तिचं काय, घरातलंच."

"मी त्यांना विचारलं."

ही सुई लागलेल्या बोटाकडे बघत म्हणाली, "कारखान्यात चहा-पाव असतो. घरी... जे असेल ते."

"घरी काय शिजतं?"

"शिजत नाही."

"कधीपासून?"

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला एकदम आठवलं. थोडे दिवस, असं मी म्हटलं होतं. निश्चय पक्का झाला की बघू, असं म्हटलं होतं. निश्चय कधीच पक्का झाला होता, आणि गॅस पेटव असं सांगायला मी विसरलो होतो. ही माझं म्हणणं पाळत बसली होती, आणि मी माझे बदाम मोजत बसलो होतो.

मी विचारलं, "अगं, एकदा तरी बोलायचंस ना!"

तेव्हा ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, "ह्यांना वास आला असता तर सुटलं असतं सगळं. आणि ह्यांना खाली त्या खोलीत बसवलं असतं ना, तर हे मनातून संपले असते. थोड्या महिन्यांचा तर प्रश्न होता."

बाईंनी तिचं वजन केलं. खालची पापणी ओढून बघितली. लगेच समोरच्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला पाठवलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून नर्स हिला म्हणत होती, "मूठ वळा, अजून घट्ट," आणि ही म्हणत होती, "वळलीय हो."

बुधवार, १३ मार्च

रक्त फारच कमी निघालं. बाई म्हणाल्या, हे दोन महिन्यांतलं नाही, आधीपासून कमी असणार, पण ह्या दोन महिन्यांनी ते खड्ड्यात घातलं. लोहाच्या गोळ्या दिल्यात. शिजलेली डाळ, अंडी, भाज्या, पोटभर आणि वेळच्या वेळी. "आणि बसून," असं बाईंनी मुद्दाम सांगितलं.

मला म्हणाल्या, "तोल तुम्हाला चांगला कळतो. फक्त दुसरं ताट मोजायचं राहिलं."

मी घरी येऊन स्टुलावर चढलो आणि वरच्या फळीवरची भांडी खाली काढली. कढईत कोळ्याने घर केलं होतं. सगळं घासून जागच्या जागी ठेवलं. ओट्याचा अर्धा भाग मोकळा केला. मग लक्षात आलं, की डाळीत पाणी किती घालतात हे मला ठाऊकच नाही.

गुरुवार, १४ मार्च

पहिली डाळ करपली. दुसरी कच्ची राहिली. दाताखाली कचकच. ही म्हणाली, "ही तुमच्या ताटात घ्या, तुम्हाला चालेल." आणि हसायला लागली. हसता हसता खुर्चीवर बसली, डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा हसली. तिचं असं हसणं घरात किती दिवसांनी ऐकलं, ते मला आठवेना.

शेवटी अंडी उकडली. ती कुणालाही येतात. मी समोर बसून राहिलो, तिचं दुसरं अंडं संपेपर्यंत. ती म्हणाली, "असं तोंडाकडे बघत बसलात तर घास कसा उतरेल?" मी तोंड खिडकीकडे केलं. पण बसून राहिलो.

रविवार, २४ मार्च

डाळ आली! कबूल करतो, पहिल्यांदा सगळ्यात उंच क्रेनची किल्ली हातात आली तेव्हाही मी असा नाचलो नव्हतो. हळद, मीठ, जिरं, वरून चिरलेला पालक, शेवटी लिंबू. लिंबू माझ्या डोक्यातून आलं, कारण लोह अंगी लागायला हवं. हिने चव घेतली. मी पळी हातात धरून उभा होतो.

"मीठ?"

"बरोबर आहे."

नंतर ती आत गेली तेव्हा मिठाच्या बरणीचं झाकण वाजलं. पण वाटी मात्र दोनदा घेतली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता आठवड्याचा बेत दोन ताटांचा असतो. माझं सकाळ-दुपारचं कच्चंच. संध्याकाळी मात्र हिच्यासोबत थोडी डाळ, एखादी शिजलेली भाजी. बाई म्हणाल्या, बिनधास्त घ्या, सगळं कच्चंच हवं असा काही नियम नाही. आणि माझ्या ताटातलं हिला: मोडाचे मूग, काकडी, गाजर, पण मधला चांगला भाग. देठं आता कंपोस्टच्या डब्यात जातात. पैलवानाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे दादा, तुम्ही बाटलात!" म्हटलं, असू दे. तू काय खातोस ते सांगितलंस, तुझ्या घरी काय खातात ते सांग. दुपारी तो घरी फोन लावताना दिसला.

सोमवार, ८ एप्रिल

तपासणी झाली. वजन उतरलंय, रक्तदाब गोळीसह ताब्यात आहे, साखर रेषेच्या आत. डॉक्टर म्हणाले, "जा वर."

गेलो वर. हवा स्वच्छ होती, समुद्र लांबपर्यंत दिसत होता. पहिला कंटेनर असा टेकवला, की मुकादमाने खालून दोन्ही हात वर केले. आनंद झाला. झालाच. पण मला सारखी संध्याकाळची घाई लागली होती, कारण हिचं रक्त आजच दुसऱ्यांदा तपासलं होतं.

वाढलंय. अजून पुरेसं नाही, पण वाढलंय. तो कागद मी हिच्या आधी वाचला आणि प्रयोगशाळेच्या दारातच एका अनोळखी म्हाताऱ्याला दाखवला. तो बिचारा "छान, छान" म्हणाला.

शनिवार, २० एप्रिल

आज मला सुट्टी, हिला नाही. मी ठरवलं, डबा गरम गरम नेऊन द्यायचा. डाळ, भात, परतलेल्या भाज्या, वेगळ्या डब्यात मोडाचे मूग आणि काकडी. चकत्या आज मी केल्या, लहान-मोठ्या झाल्या.

हिच्या कारखान्यात मी इतक्या वर्षांत आत पाऊल टाकलं नव्हतं. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना मशीनं, सगळीकडे निळ्या कापडाचे ढीग. जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती, म्हणून यंत्रं शांत होती. मी दारात डबा घेऊन उभा राहिलो आणि बायकांच्या माना एकेक करत वळल्या.

सगळ्यात जवळची, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई म्हणाली, "तुम्ही क्रेनवाले ना? नुसतं कच्चं खाऊन पुन्हा वर गेले ते?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, जानेवारीपासून आम्ही दुसरं काही ऐकलंय का? आज ह्यांनी हे खाल्लं, आज शिडी एका दमात चढले, ह्यांच्यासारखा निग्रह कुणाचा बघितला नाही. आम्ही म्हणायचो, बाई, तू पाव तरी खा नीट, तर म्हणायची, माझं काय, ह्यांचं होऊ दे."

घरात जिने एका शब्दाने कौतुक केलं नव्हतं, ती इथे उपाशी पोटी माझे गोडवे गात होती.

पलीकडून दुसरी म्हणाली, "आणि आता डाळीचं चालू आहे. ह्यांची डाळ, ह्यांची डाळ! तेच का हे?"

ही तिच्या मशीनवरून उठली. निळे धागे तिच्या बाहीला चिकटले होते. गालांवर थोडा रंग आला होता, तो लाजेचा की रक्ताचा, मला सांगता येणार नाही. ती सगळ्यांसमोर माझ्याजवळ आली, माझ्या हातातून डबा घेतला आणि हनुवटी जराशी वर करून म्हणाली, "हेच."

मग तिने बाकावर जागा केली, मांडीवर फडकं पसरलं आणि डबा उघडला. बायका वाकून बघायला लागल्या. ती बसून, सावकाश, एकेक घास जेवायला लागली. मी डब्याचं झाकण हातात धरून तिच्याशेजारी उभा राहिलो. कुणीतरी मला बसायला स्टूल दिलं, पण मला उभंच राहायचं होतं.